पुढचा कोच कोण? नाव सगळ्यात शेवटी लिहा

10 सप्टेंबर 2022 च्या रात्री अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लिंकन शहरातल्या मेमोरियल स्टेडियममधून बाहेर पडताना कोणीच बोलत नव्हतं. जॉर्जिया सदर्न या लहान कॉन्फरन्समधल्या, म्हणजे विद्यापीठ-संघांच्या लहान गटातल्या, संघाने आमच्या नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाविरुद्ध 642 यार्ड काढले होते आणि 36 सेकंद उरलेले असताना टचडाउन करून 45-42 ने सामना नेला होता. आमच्या गल्लीत राहणारे निवृत्त शेतकरी आजोबा माझ्यासोबत चालत होते. त्यांच्या घरात सीझन तिकिटं साठच्या दशकापासून आहेत, वडिलांकडून त्यांच्याकडे आलेली. घर येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले, "आता पुन्हा शोधायचं." दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमचा हेड कोच स्कॉट फ्रॉस्टला काढल्याची बातमी आली. संध्याकाळपर्यंत पुढचा कोच म्हणून माझ्या फोनवर सतरा नावं येऊन पडली होती, आणि पाठवणारा प्रत्येक जण खात्रीने सांगत होता.

मी मूळची वर्ध्याकडची. 2003 च्या ऑगस्टमध्ये नेब्रास्का विद्यापीठात मृदाशास्त्र शिकायला आले आणि इथलीच झाले. आता माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. या काळात नेब्रास्काच्या फुटबॉल संघाने पाच वेळा हेड कोच शोधला: 2003, 2007, 2014, 2017 आणि 2022. पाचही शोधांची पानं माझ्या वहीत आहेत. दर ऑगस्टला नागपूर-पुण्याहून नवी मुलं येतात आणि संघ ऑक्टोबरमध्ये हरायला लागला की विचारतात, "ताई, आता कोण येणार?" त्यांच्यासाठी आणि अमेरिकेतल्या अशाच कुठल्या तरी विद्यापीठ-गावात जीव गुंतलेल्या सगळ्यांसाठी मी माझी पद्धत लिहून काढते आहे.

माझे बाबा बियाण्याच्या दुकानात जायच्या आधी शेतातलं ढेकूळ हातात घेऊन फोडायचे. शेजाऱ्याने कुठलं वाण लावलं, हे ते नंतर विचारायचे. कोचच्या बाबतीतही मी तेच करते. नाव हे बियाणं आहे. आधी जमीन बघायची.

हे एवढं का लावून घ्यायचं

भारतातून नव्याने आलेल्यांना हे थोडं सांगावं लागतं. नेब्रास्कात व्यावसायिक फुटबॉल, बेसबॉल किंवा बास्केटबॉलचा एकही मोठा संघ नाही. राज्याची वस्ती जेमतेम वीस लाख. शनिवारी सामना असला की मेमोरियल स्टेडियममध्ये जमणारी माणसं ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातलं तिसरं मोठं शहर होतात. या स्टेडियमची तिकिटं 1962 पासून प्रत्येक घरच्या सामन्याला संपत आली आहेत. टॉम ऑस्बर्न यांनी 1973 ते 1997 अशी पंचवीस वर्षं संघ सांभाळला, 255 सामने जिंकले, 49 हरले, 3 बरोबरीत सुटले आणि तीन राष्ट्रीय विजेतेपदं आणली. लोकांनी पुढे त्यांना अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून पाठवलं. हेड कोच हा इथला सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर असतो. म्हणून पुढचा कोच कोण, ही चर्चा किराणा दुकानात, चर्चच्या पार्किंगमध्ये आणि माझ्या लॅबमध्ये मातीचे नमुने घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांबरोबरही होते. ती वेळ घालवायची चर्चा नसते. लोकांना खरंच कळून घ्यायचं असतं.

पहिलं काम: निवडणारा कोण, ते ओळखा

नव्वद टक्के मंडळी इथेच घसरतात. कोणता कोच चांगला, यावर तासन् तास बोलतात, पण निवडणार कोण, हे कोणी विचारत नाही. विद्यापीठात हा निर्णय ॲथलेटिक डायरेक्टरचा असतो. सगळे त्याला एडी म्हणतात. एकाच रिकाम्या खुर्चीसाठी दोन वेगळे एडी दोन अगदी वेगळी माणसं निवडतील. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर कोचचं नाव लिहू नका. एडीचं लिहा, आणि त्याच्याखाली त्याने आजवर घेतलेले मोठे निर्णय लिहा.

आमच्याकडचा इतिहासच बघा. 2003 मध्ये स्टीव्ह पेडरसन एडी होते. फ्रँक सोलिच यांनी त्या मोसमात 9 सामने जिंकले होते, 3 हरले होते, तरीही 29 नोव्हेंबरला त्यांना काढलं. मला इथे येऊन तीन महिनेच झाले होते आणि नऊ सामने जिंकणाऱ्याला का काढतात, हे मला समजतच नव्हतं. पेडरसन यांना संघाच्या खेळण्याची पद्धतच बदलायची होती. ऑस्बर्न यांच्या काळापासून चालत आलेला, चेंडू हातात घेऊन धावण्यावर उभा असलेला खेळ सोडून त्यांना व्यावसायिक लीगसारखा पासिंगचा खेळ हवा होता. शोध 41 दिवस चालला आणि 9 जानेवारी 2004 ला बिल कॅलहन आले. त्याच्या वर्षभर आधीच ते ओकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे त्या लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, घेऊन गेले होते. एडीला काय हवं आहे हे ज्याला दिसलं होतं, त्याला व्यावसायिक लीगमधला माणूस येणार हेही दिसायला हवं होतं. मला दिसलं नाही. 2004 मध्ये संघ 5 जिंकून 6 हरला. 1961 नंतरचा तो पहिला तोट्याचा मोसम.

2007 मध्ये पेडरसन गेले आणि स्वतः ऑस्बर्न हंगामी एडी झाले. आता निवडणारा पूर्ण बदलला होता. ऑस्बर्न यांना ओळखीचा, बचाव घट्ट करणारा माणूस हवा असणार, हे उघड होतं. बो पेलिनी 2003 मध्ये इथेच डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे बचावाचे कोच, होते आणि सोलिच गेल्यावर हंगामी कोच म्हणून त्यांनी बोल सामनाही, म्हणजे मोसमानंतर चांगल्या संघांना मिळणारा खास सामनाही, जिंकून दिला होता. पहिलं नाव मी त्यांचंच लिहिलं आणि ते 2 डिसेंबरला आले.

2014 मध्ये एडी होते शॉन आइकहॉर्स्ट. पेलिनींनी सातही मोसमांत किमान नऊ सामने जिंकले होते, पण त्यांचा रागीट स्वभाव ही वादाची गोष्ट झाली होती. 30 नोव्हेंबरला ते गेले. 4 डिसेंबरला माइक रायली आले: ओरेगन स्टेटचे, साठी ओलांडलेले, शांत, सगळ्यांशी सौजन्याने वागणारे. त्या मोसमात त्यांचा स्वतःचा संघ 5 जिंकून 7 हरलेला होता. माझ्या यादीतच काय, मला माहीत असलेल्या कोणाच्याही यादीत ते नव्हते. मागे वळून बघितल्यावर कळतं की गेलेल्या माणसाचं जे खुपत होतं, त्याच्या नेमकं उलटं माणूस एडीने शोधलं. हे पुष्कळदा होतं. कडक कोच गेला की मवाळ येतो, बचाववाला गेला की आक्रमणवाला येतो. तुमच्या संघाचा कोच जातो आहे असं वाटलं, तर त्याचा एडीला सगळ्यात जास्त टोचणारा दोष कोणता, ते एका ओळीत लिहा. तो दोष ज्याच्यात नाही, त्याच्याकडे एडीची नजर आधी जाते.

दुसरं: पैशाचा हिशेब, पण एडीच्या स्वभावाशेजारी ठेवून

सरकारी विद्यापीठातल्या कोचचा करार हा सार्वजनिक कागद असतो. वर्तमानपत्रं तो मिळवून छापतात, आणि यूएसए टुडे दरवर्षी कोचच्या पगारांची मोठी यादी देतं. खासगी विद्यापीठांचे करार असे सहज मिळत नाहीत. करार हातात आला की तीन कलमं शोधा. कोचला काढलं तर विद्यापीठाला किती द्यावे लागतील, तो बायआउट. कोच स्वतः सोडून गेला तर त्याला, म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या नव्या विद्यापीठाला, किती भरावे लागतील. आणि काढलेल्या कोचला दुसरीकडे नोकरी लागली तर जुन्या विद्यापीठाचं देणं तेवढं कमी होतं की नाही. हे तिसरं कलम लोक वाचतच नाहीत. 2023 मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने आपले कोच जिम्बो फिशर यांना काढलं तेव्हा साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं विद्यापीठाच्या अंगावर आलं, आणि नवी नोकरी लागली म्हणून ते कमी होणार नव्हतं.

आता 2022 चा धडा. फ्रॉस्ट यांचा करार 2021 च्या नोव्हेंबरमध्ये बदलला होता. 1 ऑक्टोबर 2022 नंतर काढलं तर 75 लाख डॉलर, त्याआधी काढलं तर दीड कोटी. जॉर्जिया सदर्नच्या सामन्यानंतर माझ्यासकट सगळ्यांनी एकच गणित मांडलं: तीन आठवडे थांबले की 75 लाख वाचतात, तेव्हा थांबतीलच. एडी ट्रेव्ह अल्बर्ट्स थांबले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी निर्णय जाहीर केला.

त्या रविवारी माझं चुकलं ते इथे. मी करार वाचला होता, पण ज्याच्या हातात करार होता तो माणूस वाचला नव्हता. हेच अल्बर्ट्स आधी ओमाहाच्या विद्यापीठाचे एडी होते, आणि 2011 मध्ये त्यांनी तिथला फुटबॉल आणि कुस्तीचा कार्यक्रमच बंद केला होता. स्वतः नेब्रास्काचा नावाजलेला लाइनबॅकर, म्हणजे बचावातला खेळाडू, राहिलेला आणि 1993 चा सर्वोत्तम लाइनबॅकरचा बटकस पुरस्कार मिळवलेला माणूस फुटबॉल बंद करू शकतो, तर तीन आठवड्यांच्या पैशासाठी तो अडून बसणार नाही, हे मला दिसायला हवं होतं. करार सांगतो की निर्णय किती महाग पडेल. तो घेतला जाईल की नाही, हे माणूस सांगतो.

तिसरं: तारखा उलट्या मोजा

इथे कॅलेंडरवर बोट ठेवून मागे या. कोणत्या दिवसापर्यंत कोच असायलाच हवा, ते आधी ठरवा. शाळेतली मुलं विद्यापीठांशी सही करतात तो दिवस, आणि खेळाडू दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठी नाव नोंदवतात त्या ट्रान्सफर पोर्टलचे दिवस, हे दोन खांब आहेत. 2022 मध्ये पोर्टल 5 डिसेंबरला उघडणार होतं आणि लवकरच्या सह्या 21 डिसेंबरला सुरू होणार होत्या. म्हणजे नोव्हेंबरचा शेवट ही व्यवहार्य मुदत. नवे कोच म्हणून मॅट रूल यांचं नाव 26 नोव्हेंबरला जाहीर झालं, आयोवाला 24-17 ने हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी.

2004 मध्ये 41 दिवस शोध चालू शकला, कारण तेव्हा सह्यांचा दिवस फेब्रुवारीत असायचा. आता लवकरच्या सह्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आल्या आहेत. त्यामुळे एडी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच कोचला काढतात आणि शोध मोसम चालू असतानाच होतो. परिणाम असा की ज्या कोचचा संघ डिसेंबर-जानेवारीत मोठ्या स्पर्धेत खेळणार असेल, त्याला बोलावणं अवघड होतं. आणि जो सध्या मोकळा बसला आहे, त्याचं पारडं जड होतं. रूल यांना कॅरोलायना पँथर्स या व्यावसायिक संघाने 10 ऑक्टोबर 2022 ला काढलं होतं. सात आठवडे ते मोकळे होते, बोलणी करायला कोणाची परवानगी नको होती. हे मी वहीत लिहिलं होतं, पण त्याला पुरेसं वजन दिलं नव्हतं.

चौथं: जमिनीत काय नाही, ते लिहा

मातीच्या अहवालात आम्ही काय भरपूर आहे ते सांगतोच, पण शेतकरी वाचतो तो काय कमी आहे ते. विद्यापीठाचंही तसंच. नेब्रास्काकडे पैसा आहे, निष्ठा आहे, इतिहास आहे. खेळाडू पिकवणारी वस्ती नाही. टेक्सस, फ्लोरिडा, कॅलिफोर्नियासारखी शाळकरी फुटबॉलची खाण आसपास नाही. 2011 मध्ये आम्ही बिग ट्वेल्व्ह ही कॉन्फरन्स सोडून बिग टेनमध्ये गेलो, तेव्हा टेक्ससमध्ये दरवर्षी खेळायला जाणंही संपलं. ज्या कोचचं सगळं यश घराजवळच्या दहा उत्तम शाळांवर उभं आहे, तो इथे उघडा पडेल. इथे दुर्लक्षित पोरं हेरून तीन वर्षं घडवणारा माणूस लागतो.

फ्रॉस्ट यांचं प्रकरण मला इथे प्रामाणिकपणे सांगायचं आहे. 2017 मध्ये आम्हा कोणालाच अंदाज बांधावा लागला नाही. वुड रिव्हर या नेब्रास्कातल्या छोट्या गावचा मुलगा, 1997 च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, सेंट्रल फ्लोरिडाच्या संघाला कोच म्हणून अपराजित ठेवून 2 डिसेंबरला घरी आला. आजोबांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. जमीन काय मागते, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. पी हळद आणि हो गोरी, असं सगळ्यांना वाटत होतं. पुढच्या साडेचार वर्षांत 16 विजय आणि 31 पराभव झाले. एका फेरीच्या, म्हणजे आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने सुटलेल्या सामन्यांत 5 विजय, 22 पराभव. 2021 मध्ये नऊ सामने हरले आणि नऊही दहापेक्षा कमी गुणांनी. असे पराभव बारीक चुकांतून येतात: किक, पेनल्टी, शेवटच्या पाच मिनिटांतले निर्णय. म्हणून 2022 च्या माझ्या पानावर ‘काय कमी आहे’ या रकान्यात मी लिहिलं: शिस्त आणि घडवणूक. घरचा माणूस, हा निकष मी त्या दिवशी खोडला. खोडताना हात जड झाला होता.

पाचवं: आता नावं

इथवर आल्यावरच नावं लिहा, आणि आठांपेक्षा जास्त नकोत. प्रत्येक नावापुढे मी चार गोष्टी लिहिते: पहिल्या वर्षीचा निकाल, तिसऱ्या वर्षीचा निकाल, त्याने सोडलेल्या संघाचं पुढे काय झालं, आणि तो का येणार नाही.

पहिलं आणि तिसरं वर्ष शेजारी ठेवल्यावर माणूस दिसतो. रूल यांचे आकडे घ्या. टेम्पलला 2013 मध्ये 2 विजय, 10 पराभव. तिसऱ्या वर्षी 10 विजय. बेलरला 2017 मध्ये 1 विजय, 11 पराभव; 2019 मध्ये 11 विजय, 3 पराभव. पडकी जमीन घेऊन दोनदा तिसऱ्या वर्षी पीक काढलेला माणूस. पँथर्सकडे 11 विजय आणि 27 पराभव, हेही मी लिहिलं. पण व्यावसायिक लीगमध्ये मुलं घडवायला वेळ मिळत नाही, म्हणून त्या आकड्याला मी कमी वजन दिलं.

माझ्या यादीत त्यांच्या वर लान्स लाइपोल्ड होते. विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर विद्यापीठाला तिसऱ्या श्रेणीत सहा विजेतेपदं, मग बफेलो विद्यापीठ, आणि 2022 मध्ये कॅन्ससचा वर्षानुवर्षं हरणारा संघ मोसमाचे पहिले पाचही सामने जिंकून उभा. ते पूर्वी ओमाहा आणि लिंकन दोन्हीकडे कामाला होते. सगळं जुळत होतं. चौथ्या रकान्यात मात्र मी काहीच लिहिलं नाही, कारण मला ते यावेसे वाटत होते. नोव्हेंबरमध्ये कॅन्ससने त्यांचा करार वाढवला. केंटकीच्या मार्क स्टूप्स यांचाही त्याच महिन्यात वाढला. आयोवा स्टेटच्या मॅट कॅम्पबेल यांच्यापुढे मी त्यांच्या विद्यापीठाच्या गावाचं नाव घेऊन लिहिलं होतं, "एम्स सोडणार नाही," कारण त्याआधी त्यांचं नाव कितीतरी ठिकाणी निघालं होतं आणि ते हलले नव्हते.

‘का येणार नाही’ हा रकाना रिकामा राहिला असेल तर नाव खोडू नका, पण थांबा आणि पुन्हा बघा. आवडत्या नावापुढेच तो रिकामा राहतो.

अफवा कशी तोलायची

विमानांचा माग काढणं हा इथल्या चाहत्यांचा जुना उद्योग आहे. फ्लाइटअवेअर या विमानांचा मार्ग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर खासगी विमान लिंकनहून कुठे गेलं ते बघायचं आणि त्या गावातल्या कोचचं नाव घ्यायचं. 2014 च्या डिसेंबरमध्ये मीही असा एक मार्ग बघून आमच्या मराठी मंडळींच्या गटात एक नाव ठामपणे पाठवलं. दोन तासांत ते नाव माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात ‘विद्यापीठातल्या माणसाकडून कळलं’ म्हणून फिरत होतं. त्या कोचचा नेब्रास्काशी काहीही संबंध निघाला नाही. त्याच्या संघातली अठरा-एकोणीस वर्षांची मुलं त्या दिवशी काय वाचत असतील, याचा विचार मी नंतर केला. तेव्हापासून विमान बघते, पण लिहीत नाही आणि पाठवत तर नाहीच.

बातमी आली की एकच प्रश्न विचारा: ही बातमी बाहेर आल्याने कोणाचा फायदा? कोचच्या एजंटचा फायदा असेल, म्हणजे सध्याच्या विद्यापीठाकडून पगारवाढ मिळणार असेल, तर तो कोच येण्यापेक्षा राहण्याची शक्यता मी जास्त धरते. ज्याचं नाव रोज येतं, तो पुष्कळदा आपल्याच घराचं भाडं कमी करून घेत असतो. ज्याच्याभोवती अचानक शांतता पसरते, ज्याच्याबद्दल नेहमी बोलणारे पत्रकारही शब्द मोजून बोलायला लागतात, त्याच्याकडे बघा.

आणि एक गोष्ट कधीच करू नका. शाळेतल्या ज्या मुलांना विद्यापीठ घेऊ पाहतं आहे, त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना निरोप पाठवून "कोच कोणीही असो, तू ये" असं सांगू नका. संघाच्या समर्थकांनी अशा मुलांशी संपर्क साधण्यावर एनसीएएची, म्हणजे विद्यापीठांच्या खेळांचे नियम करणाऱ्या संस्थेची, बंधनं आहेत, पण बंधन नसतं तरी मी हेच सांगितलं असतं. कोचच्या घरच्यांच्या बाबतीतही तेच.

हंगामी कोचला विसरू नका

फ्रॉस्ट गेल्यावर मिकी जोसेफ हंगामी कोच झाले. ते इथलेच जुने क्वार्टरबॅक, आणि नेब्रास्कात कुठल्याही खेळात हेड कोच झालेले पहिले कृष्णवर्णीय. पहिलाच सामना ओक्लाहोमाशी, 49-14 ने पराभव. मग इंडियाना आणि रटगर्सला हरवलं. त्या पंधरवड्यात आजोबा म्हणाले, "यालाच ठेवतील." मी पान उघडून दाखवलं: हंगामी कोचचे पुढचे सामने कोणाशी आहेत ते बघा. इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन समोर होते. शेवटी त्यांचे 3 विजय आणि 6 पराभव झाले. हंगामी कोचचा अंदाज घेताना झालेल्या विजयांपेक्षा उरलेलं वेळापत्रक जास्त सांगतं. ज्या संघाला शरद ऋतूच्या मध्यात नवा माणूस मिळतो, तो दोन आठवडे मनापासून उसळतो. नंतर जुनी कमतरता वर येते. तरी आयोवाविरुद्धच्या त्या शेवटच्या सामन्यात मुलं त्यांच्यासाठी जशी खेळली, ते मी विसरणार नाही. त्याआधीचे सलग सात सामने आयोवाने आमच्याशी जिंकले होते.

वही

अंदाज मनात ठेवू नका. तारीख घालून लिहा, पहिली तीन नावं क्रमाने लिहा, प्रत्येकाचं कारण एका ओळीत लिहा आणि कोच जाहीर झाल्यावर त्याच पानावर निकाल लिहा. नाहीतर महिन्याभराने प्रत्येकाला वाटतं की आपल्याला आधीपासून माहीत होतं. माझा हिशेब असा: 2003 चूक, 2007 बरोबर, 2014 चूक, 2017 बरोबर, पण तेव्हा सगळं राज्यच बरोबर होतं, म्हणून तो मी धरत नाही. 2022 मध्ये रूल दुसऱ्या क्रमांकावर होते. त्यांच्याशी 7 कोटी 40 लाख डॉलरचा, आठ वर्षांचा करार झाला. पहिल्या वर्षी 5 विजय आणि 7 पराभव, दुसऱ्या वर्षी 7 विजय, 6 पराभव आणि 2016 नंतर पहिल्यांदा बोल सामना. तोही जिंकला, बॉस्टन कॉलेजविरुद्ध 20-15 ने.

2025 च्या ऑक्टोबरमध्ये वही उलटी धरावी लागली. पेन स्टेट विद्यापीठाने आपले कोच जेम्स फ्रँकलिन यांना काढलं आणि त्यांच्या चाहत्यांच्या यादीत वरचं नाव आमच्या रूल यांचं होतं. मुलं घाबरून घरी आली. चहा ठेवला आणि तीच पद्धत पेन स्टेटला लावून बघितली. निवडणारा कोण? एडी पॅट क्राफ्ट, जे टेम्पलला रूल यांच्याबरोबर होते. रूल कुठले? पेन स्टेटमध्येच शिकलेले, तिथेच खेळलेले. तारखा? शोधाला दीड-दोन महिने हातात. धोका खरा होता आणि मी मुलांना तसंच सांगितलं. ‘का जाणार नाही’ या रकान्यात मला एकच गोष्ट लिहिता आली: आमचा संघ 6 जिंकून 2 हरलेला आहे, तिसरं वर्ष चालू आहे, आणि हा माणूस तिसऱ्या वर्षाचं पीक अर्ध्यावर टाकून जाईल असं वाटत नाही. 30 ऑक्टोबरला त्यांचा करार 2032 पर्यंत वाढल्याची बातमी आली. आजोबांनी रस्त्यापलीकडून हात वर केला. टेम्पल आणि बेलरसारखं पीक मात्र त्या तिसऱ्या वर्षी आलं नाही.

डिसेंबरमध्ये पेन स्टेटने आपला कोच जाहीर केला: आयोवा स्टेटचे मॅट कॅम्पबेल. मी 2022 चं पान काढलं. त्यांच्या नावापुढे माझ्या अक्षरात "एम्स सोडणार नाही" असं होतं. त्याखाली लिहिलं, "सोडलं, डिसेंबर 2025."